रसिक आणि पाठीराखा : 'फीव्हर पिच'मधील १९८९च्या विजेतेपदाच्या अखेरच्या आठवड्यांचा विचार

प्रास्ताविक

खेळाविषयीच्या लेखनात खेळाडू केंद्रस्थानी असतो आणि प्रेक्षक पार्श्वभूमीला राहतो. खेळाडूंची चरित्रे, दौऱ्यांची वर्णने आणि सामन्यांचे वृत्तांत विपुल प्रमाणात लिहिले जातात. परंतु वर्षानुवर्षे एकाच संघामागे उभ्या राहणाऱ्या, स्वतः कधीही मैदानात न उतरणाऱ्या माणसाच्या मनोव्यापाराला वाङ्मयीन रूप देण्याचे प्रयत्न तुलनेने थोडे आहेत. इंग्रज लेखक निक हॉर्नबी (जन्म १९५७) यांचे 'फीव्हर पिच' हे आत्मकथन या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला त्याच वर्षी 'विल्यम हिल' क्रीडाग्रंथ पुरस्कार मिळाला. पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेल्या हॉर्नबी यांच्या लौकिकाचा पायाही याच ग्रंथाने घातला.

लंडनमधील आर्सेनल या फुटबॉल संघाच्या एका पाठीराख्याची सुमारे २४ वर्षांची कहाणी या ग्रंथात आहे. तिचा उत्कर्षबिंदू म्हणजे १९८८-८९च्या हंगामाचा शेवट होय. २६ मे १९८९ रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर झालेल्या अखेरच्या सामन्यात, अखेरच्या मिनिटात, आर्सेनलने १८ वर्षांनंतर इंग्लंडमधील पहिल्या श्रेणीच्या लीगचे विजेतेपद मिळवले. या विजेतेपदाकडे जाणाऱ्या अखेरच्या आठवड्यांत पाठीराखा नेमके काय अनुभवतो, तो अनुभव कलास्वादाच्या अनुभवाहून कोणत्या अर्थाने वेगळा आहे आणि त्या अनुभवाची नैतिक मर्यादा कोठे दिसते, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या ग्रंथाचा विचार केला आहे.

ग्रंथाची रचना आणि काळाची जाणीव

'फीव्हर पिच'ची रचना वरवर पाहता रोजनिशीसारखी आहे. प्रत्येक प्रकरणाला एका सामन्याचे आणि त्याच्या तारखेचे शीर्षक दिलेले आहे. १९६८ ते १९७५, १९७६ ते १९८६ आणि १९८६ ते १९९२ अशा तीन भागांत हे सामने विभागलेले आहेत. आरंभी ११ वर्षांचा मुलगा सप्टेंबर १९६८मध्ये वडिलांबरोबर आर्सेनलच्या हायबरी मैदानावर स्टोक सिटी संघाविरुद्धचा सामना पाहतो. आईवडील विभक्त झालेले असतात. वडिलांना मुलासोबत काही तास घालवण्यासाठी एखादे ठिकाण हवे असते. फुटबॉलचे मैदान हे असे ठिकाण ठरते आणि पाहता पाहता तेच मुलाच्या भावविश्वाचे केंद्र बनते.

या रचनेमुळे आयुष्याचा काळ आणि हंगामाचा काळ एकमेकांत मिसळून जातात. शिक्षण, नोकरी, प्रेमसंबंध, मानसिक खिन्नता यांचे उल्लेख येतात ते सामन्यांच्या तारखांना चिकटून. सामान्य आत्मचरित्रात आयुष्यातील घटनांच्या ओघात एखादा सामना आठवतो. येथे सामन्यांच्या ओघात आयुष्य आठवते. पाठीराख्याची कालगणना जानेवारीत सुरू होत नाही, ती ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपते, हे सत्य लेखकाने निव्वळ सांगितलेले नाही, तर ग्रंथाच्या घडणीतच उतरवले आहे.

या कालगणनेत निराशेला मोठे स्थान आहे. मार्च १९६९मध्ये तिसऱ्या श्रेणीतील स्विंडन टाउन संघाने आर्सेनलला लीग कपच्या अंतिम सामन्यात ३-१ असे हरवले. त्या पराभवाचे व्रण ग्रंथभर जाणवत राहतात. १९७१मध्ये आर्सेनलने लीग आणि एफ. ए. कप अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळवली, परंतु त्यानंतर लीगचे विजेतेपद १८ वर्षे दूर राहिले. १९८९च्या वसंत ऋतूत निवेदक ज्या अवस्थेत आहे ती समजण्यासाठी ही १८ वर्षे ध्यानात ठेवावी लागतात. इतका दीर्घकाळ एकच इच्छा जपणे, आणि तिच्या पूर्तीसाठी स्वतः काहीही करता न येणे, हे या अवस्थेचे वैशिष्ट्य आहे.

अखेरच्या आठवड्यांचे गणित

लीगच्या अखेरच्या आठवड्यांत खेळाचे रूपांतर गणितात होते. १९८८-८९च्या हंगामात पहिल्या श्रेणीत २० संघ होते आणि प्रत्येकाला ३८ सामने खेळायचे होते. आर्सेनलने हंगामाचा मोठा काळ आघाडीवर काढला होता. मात्र १३ मे रोजी घरच्या मैदानावर डर्बी काउंटीकडून १-२ असा पराभव आणि १७ मे रोजी विम्बल्डनशी २-२ अशी बरोबरी झाल्याने ती आघाडी जवळजवळ हातची गेली. २३ मे रोजी लिव्हरपूलने वेस्ट हॅमचा ५-१ असा पराभव केला. आता लिव्हरपूलचे ७६ गुण आणि गोलफरक ३९ होता, तर आर्सेनलचे ७३ गुण आणि गोलफरक ३५. एकच सामना उरला होता, आणि तो या दोन संघांमध्येच होता. आर्सेनलला केवळ विजय पुरेसा नव्हता, किमान दोन गोलांच्या फरकाने विजय आवश्यक होता. १९७४नंतर ॲनफिल्डवर एकदाही न जिंकलेल्या संघाकडून ही अपेक्षा होती.

पहिल्या अर्धात गोल झाला नाही. ५२व्या मिनिटाला ॲलन स्मिथ यांनी पहिला गोल केला. त्यानंतरचा काळ काहीच न घडता सरत गेला आणि नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर मायकेल थॉमस यांनी दुसरा गोल केला. अंतिम तक्त्यात दोन्ही संघांचे २२ विजय, १० बरोबरी आणि ६ पराभव होते. दोघांचेही गुण ७६ आणि गोलफरक ३७ होता. आर्सेनलने ७३ गोल केले होते, लिव्हरपूलने ६५. केवळ अधिक गोल केल्याच्या निकषावर विजेतेपद आर्सेनलकडे गेले.

या आकड्यांकडे बारकाईने पाहिले असता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, ज्या गोलांना त्या त्या वेळी काहीच महत्त्व नव्हते ते मागाहून निर्णायक ठरले. १ मे रोजी आर्सेनलने नॉर्विच सिटीला ५-० असे हरवले होते. त्या दिवशी पाचवा गोल केवळ शोभेचा होता. परंतु तो झाला नसता तर २६ मे रोजीचे दोन गोल अपुरे पडले असते. तसेच लिव्हरपूलने २३ मे रोजी सहावा गोल केला असता तर आर्सेनलला तीन गोलांच्या फरकाने जिंकावे लागले असते. दुसरी गोष्ट अशी की, १९७६पूर्वी समान गुण असल्यास केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनी भागून येणारी सरासरी पाहिली जात असे. त्या नियमानुसार ६५ गोल करून २८ गोल स्वीकारणारा लिव्हरपूल संघ, ७३ गोल करून ३६ गोल स्वीकारणाऱ्या आर्सेनलच्या पुढे राहिला असता. म्हणजेच विजेतेपद हे श्रेष्ठत्वाचे निर्विवाद प्रमाण नव्हते. ते एका विशिष्ट नियमाचे फळ होते.

पाठीराख्याला हे गणित ठाऊक असते. किंबहुना त्या आठवड्यांत तो याच गणितात जगतो. तरीही निकालाकडे तो योगायोग म्हणून पाहू शकत नाही, त्याला तो नियतीचा कौल वाटतो. हॉर्नबी यांच्या निवेदकाचे वेगळेपण असे की, तो या भ्रमात पूर्णपणे सामील आहे आणि त्याच वेळी त्याची चेष्टाही करतो. डर्बीविरुद्धच्या पराभवानंतर त्याने आशा सोडलेली आहे. अंतिम सामन्यात १-० अशी आघाडी मिळाल्यावरही त्याला सुटकेपेक्षा अधिक क्लेश होतो, कारण थोडक्यात हुकणे हे सरळ हरण्यापेक्षा दुःसह असते. ॲनफिल्डचा सामना तो प्रत्यक्ष पाहत नाही, लंडनमध्ये दूरचित्रवाणीसमोर बसून पाहतो. आयुष्यातील सर्वोच्च आनंद पडद्यावर आणि दूरस्थपणे यावा, यात या ग्रंथाच्या उपरोधाचे मर्म आहे.

दोन विघ्ने

या अनुभवाला कलास्वाद म्हणावे काय? खेळाची नाटकाशी तुलना करण्याचा प्रघात आहे. अखेरच्या मिनिटातील गोलाला 'नाट्यमय' म्हटले जाते, आणि प्रेक्षक, उत्कंठा, उत्कर्षबिंदू हे शब्द दोन्हीकडे सारख्याच सहजतेने वापरले जातात. परंतु भारतीय साहित्यशास्त्राच्या आधारे पाहिले तर ही तुलना मूळ ठिकाणीच अडखळते.

अभिनवगुप्तांनी 'अभिनवभारती'मध्ये रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे. त्यांपैकी दोन येथे विशेष उद्बोधक आहेत. समोरचे सुखदुःख 'माझे' किंवा 'दुसऱ्याचे' अशा रीतीने विशिष्ट स्थळकाळाशी बांधून अनुभवणे हे एक विघ्न होय. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होऊन जाणे हे दुसरे विघ्न होय. ही विघ्ने दूर झाल्यावरच भावनेचे साधारणीकरण होते आणि प्रेक्षक रसिक बनतो. दुष्यंताचे दुःख दुष्यंताचे राहत नाही, पाहणाऱ्याचेही राहत नाही, आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते.

पाठीराख्याची अवस्था याच्या नेमकी उलट आहे. या दोन विघ्नांवाचून तो पाठीराखाच राहत नाही. संघ 'माझा' असणे ही त्याच्या अनुभवाची पहिली अट आहे. स्थळकाळाचा आवेश तर ग्रंथाच्या प्रत्येक प्रकरणाच्या शीर्षकातच आहे: अमुक मैदान, अमुक प्रतिस्पर्धी, अमुक तारीख. आणि आपल्या सुखदुःखाने विवश होणे हाच त्याचा नित्यक्रम आहे. अभिनवगुप्तांच्या मते गीत, वाद्य, सुशोभित रंगमंडप इत्यादींमुळे प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखातून बाहेर येतो. फुटबॉलच्या मैदानावरही गीते असतात, रंग असतात, परंतु त्यांचे कार्य विरुद्ध दिशेने चालते. त्यांनी 'आम्ही' आणि 'ते' यांतील रेषा अधिक ठळक होते. ज्याला केवळ सुंदर खेळाचा आस्वाद हवा आहे, त्याला १९८९च्या त्या रात्री मायकेल थॉमस यांचा गोल देखणा वाटला असेल. आर्सेनलच्या पाठीराख्याला तो देखणा वाटला की नाही, हा प्रश्नच उद्भवला नाही.

असे असेल तर 'फीव्हर पिच' वाचताना फुटबॉलशी काडीचाही संबंध नसलेला वाचक रंगून कसा जातो? याचे उत्तर ग्रंथाच्या दुहेरी निवेदनात सापडते. सामना पाहणारा 'तो' विवश आहे, परंतु लिहिणारा 'मी' विवश नाही. लिहिणाऱ्याने पाहणाऱ्याला पात्र बनवले आहे. त्यामुळे मूळ अनुभवात जे विघ्न होते तेच लेखनात विभाव म्हणून उभे राहते. वाचक आर्सेनलच्या विजयाचा आस्वाद घेत नाही. एक प्रौढ, सुशिक्षित, स्वतःच्या वेडाची पूर्ण जाण असलेला माणूस त्या विजयासाठी किती अगतिक आहे, याचा तो आस्वाद घेतो. २६ मेच्या प्रकरणात निवेदक त्या क्षणाची तुलना मानवी आयुष्यातील इतर सुखांशी करून पाहतो आणि एकेक तुलना बाद करतो. शरीरसुख, अपत्यजन्म, अनपेक्षित धनलाभ यांपैकी एकातही इतकी दीर्घ प्रतीक्षा आणि इतकी आकस्मिकता एकत्र येत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद हास्यास्पद आहे आणि त्याच वेळी खंडन करण्यास अवघड आहे. हास्य आणि करुण यांचा असा संकर हेच या ग्रंथाचे वाङ्मयीन यश होय.

हिल्सबरो : परगत दुःखाचा प्रश्न

मात्र १९८९च्या विजेतेपदाचे अखेरचे आठवडे केवळ आर्सेनलच्या पाठीराख्यांचे नव्हते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफ. ए. कपच्या उपांत्य सामन्याच्या वेळी, उभ्याने सामना पाहण्याच्या कुंपणबंद जागेत प्रचंड चेंगराचेंगरी झाली. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या पुढे ९७ झाली. ९७वा मृत्यू २०२१ साली झाला. मृत्यू पावलेले सर्व जण लिव्हरपूलचे पाठीराखे होते. पुढील दिवसांत ॲनफिल्ड मैदानाचा मोठा भाग फुलांनी झाकला गेला. संघाचे व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश आणि खेळाडू अंत्यसंस्कारांना उपस्थित राहत होते. लिव्हरपूल आणि आर्सेनल यांचा २३ एप्रिलला ठरलेला सामना याच कारणाने पुढे ढकलला गेला, आणि म्हणूनच तो हंगामाचा अखेरचा सामना ठरला. ज्या योगायोगाला 'इतिहासातील सर्वांत नाट्यमय शेवट' म्हटले जाते, त्याच्या मुळाशी हे मृत्यू आहेत.

हॉर्नबी यांनी हा विषय टाळलेला नाही. त्याच दिवशी हायबरीवर न्यूकॅसलविरुद्धचा सामना होता. त्या तारखेच्या प्रकरणात हिल्सबरोची बातमी येते. मैदानांची दुरवस्था, पाठीराख्यांना गुरांप्रमाणे कोंडण्याची पद्धत आणि आपण स्वतः अनेकदा अशाच गर्दीत केवळ सुदैवाने वाचलो ही जाणीव तेथे व्यक्त होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इतके घडूनही फुटबॉलमधील आपला रस थोड्याच दिवसांत पूर्ववत झाला, हे लेखक लपवत नाही. नॉर्विचविरुद्धचा ५-० विजय हिल्सबरोनंतर केवळ १६ दिवसांनी आला. विजेतेपदाच्या गणितात निर्णायक ठरलेले ते गोल शोकाच्या सावलीतच झाले होते.

येथे स्वगत आणि परगत हा भेद साहित्यशास्त्रापुरता राहत नाही, तो नीतीचा प्रश्न बनतो. जे वेड माणसाला १८ वर्षे निष्ठावान ठेवते, तेच त्याला दुसऱ्याच्या दुःखापासून इतक्या लवकर मागे ओढते काय? ग्रंथातून मिळणारे उत्तर संमिश्र आहे. हिल्सबरोच्या प्रकरणात निवेदक परगत दुःख स्वतःचे करून घेतो, कारण तेथे सर्व पाठीराखे एका वर्गाचे, एका धोक्याचे वाटेकरी आहेत. परंतु २६ मेच्या प्रकरणात प्रकाशझोत पुन्हा एका माणसाच्या इच्छापूर्तीवर स्थिरावतो. त्या रात्री सामन्यापूर्वी आर्सेनलच्या खेळाडूंनी मैदानात येऊन लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना पुष्पगुच्छ दिले होते, आणि सामना संपल्यावर विजेतेपद गमावलेल्या लिव्हरपूलच्या अनेक पाठीराख्यांनी थांबून आर्सेनलच्या खेळाडूंचे टाळ्यांनी कौतुक केले होते. सहा आठवड्यांचा शोक, २० मे रोजी एव्हर्टनविरुद्ध जिंकलेला एफ. ए. कप आणि अखेरच्या मिनिटात निसटलेली लीग, या सगळ्यांसह टाळ्या वाजवणारा तो पाठीराखा या ग्रंथाच्या केंद्रस्थानी नाही. प्रथमपुरुषी आत्मकथनाची ती अपरिहार्य मर्यादा आहे, असे म्हणता येईल. तरीही ती मर्यादाच आहे.

या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. हिल्सबरोनंतर काही वृत्तपत्रांनी आणि पोलिसांनी दोष लिव्हरपूलच्या पाठीराख्यांवर टाकला होता. २०१२च्या स्वतंत्र समितीच्या अहवालाने हे आरोप खोडून काढले. २०१६च्या चौकशीत ज्यूरीने मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाल्याचा आणि पाठीराख्यांचे वर्तन त्यास कारणीभूत नसल्याचा निर्णय दिला. 'फीव्हर पिच' या निर्णयांच्या कितीतरी आधीचा ग्रंथ आहे. पाठीराखा म्हणजे हुल्लडबाज हे समीकरण रूढ असलेल्या काळात त्याने पाठीराख्याला विचार करणारा, लाजणारा, दुःखी होणारा माणूस म्हणून उभे केले. त्याच वर्षी, १९९२मध्ये, प्रीमियर लीग सुरू झाली. फुटबॉलला मध्यमवर्गीय प्रतिष्ठा मिळवून देण्यात या ग्रंथाचा हात आहे आणि त्यातून जुना कष्टकरी प्रेक्षक मैदानाबाहेर गेला, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपात तथ्य असले तरी वाढलेल्या तिकीटदरांचे आणि बदललेल्या व्यवस्थेचे उत्तरदायित्व एका आत्मकथनावर टाकणे न्याय्य ठरणार नाही.

रूपांतरांची साक्ष

या ग्रंथावर आधारलेले दोन चित्रपट त्याच्या स्वरूपावर अप्रत्यक्ष प्रकाश टाकतात. १९९७च्या इंग्रजी चित्रपटाची पटकथा स्वतः हॉर्नबी यांनी लिहिली. त्यात १९८९चे विजेतेपद एका प्रेमकथेच्या समेटाशी जोडले आहे. नायकाची इच्छा आणि नायिकेचा होकार एकाच रात्री पूर्ण होतात. ग्रंथात असा समेट नाही. तेथे विजेतेपदानंतरही हंगाम सुरूच राहतात, पराभव येतच राहतात. २००५च्या अमेरिकी चित्रपटात फुटबॉलऐवजी बोस्टन रेड सॉक्स हा बेसबॉल संघ घेतला गेला. परंपरेप्रमाणे तो हरेल असे गृहीत धरून शेवट लिहिला होता. परंतु २००४ साली त्या संघाने ८६ वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकली आणि चित्रपटाचा शेवट बदलावा लागला. पाठीराख्याच्या कथेचा शेवट लेखकाच्या हाती नसतो, हे यापेक्षा अधिक स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण विरळाच.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, विजेतेपदाच्या अखेरच्या आठवड्यांतील पाठीराख्याचा अनुभव हा रसानुभव नाही. रसानुभवातील विघ्ने हीच त्याची सामग्री आहे. 'फीव्हर पिच'ने या सामग्रीला निवेदनाचे अंतर देऊन आस्वाद्य बनवले, हे त्याचे श्रेय होय. त्याच वेळी १९८९च्या त्या सहा आठवड्यांत दोन शहरांनी दोन भिन्न काळ जगले, एकाने प्रतीक्षेचा आणि दुसऱ्याने शोकाचा. हॉर्नबी यांचा ग्रंथ यांपैकी पहिल्याचा विश्वासू साक्षीदार आहे आणि दुसऱ्याचा प्रामाणिक परंतु अपुरा साक्षीदार आहे. पाठीराखा रसिक होऊ शकत नाही, परंतु प्रतिस्पर्ध्यासाठी टाळ्या वाजवताना तो 'माझे' आणि 'दुसऱ्याचे' ही रेषा काही क्षण ओलांडतो. ॲनफिल्डवर त्या रात्री ज्यांनी सर्वांत अधिक गमावले होते, त्यांनीच ती ओलांडली. क्रीडाप्रेक्षकाच्या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना विजयाच्या वर्णनाइतकेच महत्त्व अशा क्षणांना त्यात मिळालेल्या स्थानाला द्यावे लागेल.